अंगणातले राज्य

इतिहासाची पुस्तके चाळली तर त्यांत किल्ल्यांची वर्णने असतात, तहांची कलमे असतात, राजांच्या वंशावळी असतात. परंतु घरापुढचे अंगण त्यांत क्वचितच सापडते. वस्तुतः माणसाच्या आयुष्याची पहिली दहा-बारा वर्षे जेथे जातात, जेथे तो प्रथम नियम मानावयास शिकतो, हरावयास शिकतो आणि हरूनही दुसऱ्या दिवशी परत यावयास शिकतो, ती जागा इतिहासकारांनी वगळावी हे आम्हांस नेहमीच चमत्कारिक वाटत आले आहे. गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत आमच्या एका आप्तांनी आम्हांस विचारले, "मुले दिवसभर मोबाइल घेऊन कोपऱ्यात बसतात. घरच्या घरी, अंगणात, फारसा खर्च न करता त्यांना काय खेळावयास द्यावे, ते सांगा." प्रश्न वकिलाच्या अधिकारातला नव्हता. तथापि आम्ही बिदर आणि कलबुर्गी ह्या दोन सीमावर्ती जिल्ह्यांत वाढलो आणि तेथेच वकिली करीत आलो. त्यामुळे उत्तर शोधू लागलो तेव्हा ध्यानी आले की, आमच्या ह्या मुलखाने त्या प्रश्नाचे उत्तर पूर्वीच, तेही एकाहून अधिक भाषांत, देऊन ठेवले आहे. ते उत्तर वाचकांपुढे मांडावे एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

प्रथम मुलखाविषयी दोन शब्द. बिदरचे पठार जांभ्या दगडाचे, तेथली माती लाल; कलबुर्गीकडे उतरावे तो काळी जमीन आणि तुरीची शेते लागतात. मांजरा, कारंजा आणि भीमा ह्या येथल्या नद्या. घरात मराठी, बाजारात कानडी, कचेरीत आणि मोहल्ल्यात दखनी उर्दू, आणि पूर्वेकडे थोडे चालून गेले की तेलुगू, असा हा भाषांचा संगम आहे. १९४८ सालच्या सप्टेंबरपर्यंत हा सारा प्रदेश निजामाच्या राज्यात होता. पुढे १९५६ च्या राज्य पुनर्रचना अधिनियमाने १ नोव्हेंबर १९५६ रोजी जुन्या बिदर जिल्ह्याचे तीन भाग झाले. उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके मुंबई राज्याकडे गेले व आज ते लातूर जिल्ह्यात आहेत. नारायणखेड आणि जहिराबादचा बराचसा भाग आंध्र प्रदेशात गेला. तो आता तेलंगणात आहे. बिदर, भालकी, हुमनाबाद, औराद आणि कल्याण म्हैसूर राज्यात राहिले. त्या राज्याचे नाव १९७३ साली कर्नाटक झाले, आणि गुलबर्ग्याचे कलबुर्गी २०१४ साली. सीमेचा वाद महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात नेला. न्यायप्रविष्ट गोष्टीवर भाष्य करू नये ही आमच्या व्यवसायाची शिस्त आहे आणि ती आम्ही येथे पाळतो. आम्हांस बोलावयाचे आहे ते अशा एका प्रदेशाविषयी की ज्याची वाटणी कोणत्याही अधिनियमाने केली नाही. तो प्रदेश म्हणजे अंगण.

बिदर जिल्ह्यातील आजचे बसवकल्याण हेच चालुक्यांचे कल्याण. बाराव्या शतकात तेथे तिसरा सोमेश्वर हा राजा होऊन गेला. त्याच्या नावावर असलेला 'मानसोल्लास' अथवा 'अभिलषितार्थचिंतामणि' हा संस्कृत ग्रंथ इ. स. ११२९ च्या सुमाराचा. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत त्याचा पहिला भाग १९२५ साली निघाला. ग्रंथाचे पाच भाग असून प्रत्येकात वीस प्रकरणे आहेत, म्हणून त्या भागांस 'विंशती' म्हटले आहे. पहिली विंशती राज्य मिळवण्याची, दुसरी ते टिकवण्याची, तिसरी उपभोगांची, चौथी विनोदांची आणि पाचवी क्रीडेची. राज्य कसे मिळवावे येथून सुरू झालेला ग्रंथ खेळावे कसे येथे येऊन संपतो, ही गोष्ट मननीय आहे.

ह्या पाचव्या विंशतीतील प्रकरणांची नावे पाहावीत. भूधरक्रीडा म्हणजे टेकडीवरचा खेळ, वनक्रीडा, आंदोलनक्रीडा म्हणजे झोका, सेचनक्रीडा म्हणजे पाणी शिंपडण्याचा खेळ, तोयक्रीडा म्हणजे पाण्यातला खेळ, शाड्वलक्रीडा म्हणजे हिरवळीवरचा, वालुकाक्रीडा म्हणजे वाळूतला, ज्योत्स्नाक्रीडा म्हणजे चांदण्यातला, सस्यक्रीडा म्हणजे पिकांत जाऊन खेळावयाचा. पुढे कोडी, बुद्धिबळ, फासे आणि कवड्या येतात. हे खेळ राजाचे आणि राजपरिवाराचे, अंगणातल्या पोरांचे नव्हेत, हे आम्ही जाणून आहोत. कित्येक प्रकरणे तर केवळ प्रौढांसाठीच आहेत. परंतु पहिल्या नऊ क्रीडांना लागणारी सामग्री कोणती? टेकडी, झाड, दोर, पाणी, गवत, वाळू, चांदणे आणि शेत. ज्याच्या खजिन्याला तोटा नव्हता अशा राजानेही आनंदाची यादी करताना आधी ह्याच वस्तू लिहिल्या, आणि आमच्या खेड्यातल्या मुलांना आठशे-नऊशे वर्षे ह्याच वस्तू विनामूल्य मिळत आल्या. ज्या आप्तांनी आम्हांस प्रश्न विचारला त्यांना पहिले उत्तर सोमेश्वराने देऊन ठेवले होते असे म्हणावयास हरकत नाही.

राजवाड्यातून रस्त्यावर यावे तो संतांची गाठ पडते. तुकोबांच्या गाथ्यात विटीदांडू, चेंडूफळी, हुतुतू, टिपरी, फुगडी अशा खेळांवर रचलेले अभंग आहेत. परमार्थ सांगावयास त्यांनी खेळाची भाषा वापरली, ह्याचा अर्थ सतराव्या शतकातल्या श्रोत्यांना ह्या खेळांचे नियम स्पष्ट करून सांगावे लागत नव्हते. डाव, गडी आणि हार ह्या शब्दांनी सारे काही कळत होते. संतांनी भाषेची कुंपणे मानली नाहीत, हे आमच्या मुलखास निराळे सांगण्याची गरज नाही. कलबुर्गी जिल्ह्यातील गाणगापूर हे कानडी मुलखातले गाव, परंतु तेथल्या नृसिंह सरस्वतींचे चरित्र सांगणारा 'गुरुचरित्र' हा ग्रंथ मराठी ओव्यांत आहे. हुमनाबादेजवळच्या माणिकनगरचे माणिकप्रभू १८१७ साली कल्याणजवळच्या लाडवंती येथे जन्मले. त्यांची पदे मराठीत आहेत, तशीच हिंदीत आणि कानडीतही आहेत. जेथे देवाची गाणी अशी तिन्ही भाषांत फिरत होती तेथे मुलांचे खेळ एकाच भाषेत अडकून राहावेत हे शक्यच नव्हते.

ह्याचा पुरावा काय, असे कोणी विचारील. पुरावा आहे, आणि तो मुलांच्याच तोंडचा आहे. १८७२ च्या साक्ष अधिनियमाच्या ११८ व्या कलमात साक्षीदाराला किमान वयाची अट नव्हती. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा घेणाऱ्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ती नाही. मुलाला प्रश्न समजतो की नाही आणि त्याला कोणी पढवले आहे की नाही, एवढेच न्यायालय पाहते. आता विटीदांडू खेळणाऱ्या मराठी मुलाची साक्ष घ्यावी. तो मोजतो ते 'एक, दोन, तीन' असे मोजत नाही. 'वकट, लेंड, मुंड, नाल, आर' असे मोजतो. प्रत्येक आकड्यास विटी टोलवण्याची निराळी तऱ्हा, कधी पायाच्या चवड्यावर ठेवून तर कधी मुठीवर ठेवून. हे शब्द मराठीत दुसरीकडे कोठेच लागत नाहीत. आता शेजारच्या तेलुगू मुलास मोजावयास सांगावे. तो म्हणेल 'ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु'. ओकटिचा वकट झाला, रेंडुचा लेंड, मूडुचा मुंड आणि नालुगुचा नाल. पाचव्या जागी मात्र गंमत झाली आहे. 'आरु' म्हणजे तेलुगूत आणि कानडीतही सहा. मराठी मुलांच्या मोजणीत पाचाचा आकडा कोठेतरी गळाला आणि सहा पाचव्या जागी येऊन बसला. पढवलेला साक्षीदार अशी चूक करीत नाही. ती चूकच सांगते की हे शब्द कोणा पंडिताने ग्रंथातून आणलेले नाहीत. ते खेळता खेळता ऐकलेले आणि पिढ्यान्‌पिढ्या तोंडातोंडी आलेले आहेत.

विशेष हे की ही मोजणी केवळ आमच्या सीमेवरची नव्हे, तेलुगूचा वाराही लागत नाही अशा गावांतून महाराष्ट्रात ती चालत आली. विश्वनाथ खैरे ह्यांनी 'अडगुलं मडगुलं' ह्या आपल्या पुस्तकात मराठी बालशब्दांचा माग दक्षिणेकडे थेट तमिळपर्यंत काढला आहे. कोणी कोणाकडून घेतले आणि केव्हा घेतले ह्याचा निवाडा आम्ही करीत नाही. घेणाऱ्यास कमीपणा वाटला नाही आणि देणाऱ्याने हिशेब मागितला नाही, हे मात्र नमूद करावेसे वाटते.

नावांची ही देवघेव पुष्कळ आहे. ज्यांना पुण्याकडे सागरगोटे म्हणतात त्यांनाच मराठीत गजगे असेही नाव आहे. कानडीत त्या बीला 'गज्जुग' म्हणतात. लगोरी मराठीत लगोरी आणि कानडीतही लगोरीच. मराठी विटीदांडू कानडीत 'चिन्नीदांडू' होतो, दखनीत 'गिल्लीडंडा', आणि गोव्यातल्या आमच्या कोंकणी वाचकांना तो 'कोयंडेबाल' म्हणून ओळखीचा असेल. झाडावर चढून खेळावयाच्या सूरपारंब्यांस कानडी मुले 'मरकोती' म्हणतात. 'मर' म्हणजे झाड आणि 'कोती' म्हणजे माकड. मराठी नावात वडाच्या पारंब्या आहेत, कानडी नावात त्यांना लोंबकळणारा प्राणी आहे. दोन्ही नावे एकत्र ठेवली म्हणजे खेळाचे चित्र पुरे होते.

आता ऋतूंकडे वळू. शहरातल्या मुलास कोणता खेळ कधी खेळावा हे दुकानातल्या काचेवरून कळते. आमच्याकडे ते पंचांगावरून आणि शेतावरून कळे. ज्येष्ठात पहिला पाऊस पडून माती ओली झाली की कानडी घरांतून 'मण्णेत्तिन अमावास्ये' येते. 'मण्णु' म्हणजे माती आणि 'एत्तु' म्हणजे बैल. त्या दिवशी मातीचे बैल करून पुजतात, आणि मोठ्यांची पूजा आटोपली की ते बैल मुलांच्या ताब्यात जातात. श्रावणात नागपंचमी येते. तेव्हा लिंबाच्या किंवा चिंचेच्या फांदीला दोर बांधून मराठी मुली 'झोका' घेतात आणि शेजारच्या कानडी मुली 'जोकाली'. दोन शब्दांतले अंतर झोक्याच्या एका हेलकाव्याएवढेही नाही. हीच ती सोमेश्वराची आंदोलनक्रीडा. आश्विनात कोजागरीचे चांदणे, म्हणजे ज्योत्स्नाक्रीडा. गोव्याकडे पौषातल्या चांदण्या रात्री मांडावर बायका धालो खेळतात, तीही तिचीच बहीण.

मार्गशीर्षातली अमावास्या मात्र खास आमची. लातूर-धाराशिवकडे तिला 'वेळा अमावास्या' किंवा 'येळवस' म्हणतात, बिदर-कलबुर्गीचे कानडी लोक 'एळ्ळ अमावास्ये' म्हणतात. त्या दिवशी गावेच्या गावे ओस पडतात आणि शेते भरतात. ज्वारीच्या कडब्याची खोप उभारतात, आंबील, भज्जी आणि उंडे ह्यांचे जेवण होते, आणि मुले दिवस मावळेपर्यंत हरभऱ्याच्या नि तुरीच्या वावरातून हुंदडतात. सस्यक्रीडेचे याहून चांगले भाष्य कोणत्या टीकाकाराने लिहिले असेल असे आम्हांस वाटत नाही. १९५६ च्या रेषेच्या अलीकडे आणि पलीकडे हा सण एकाच दिवशी होतो, आणि त्या दिवशी कोणते शेत कोणत्या राज्यात आहे हे तलाठ्यावाचून कोणाला आठवत नाही.

अंगणाला केवळ पंचांग नव्हते, कायदाही होता, आणि तो आमच्या कायद्याच्या पुस्तकांहून काही बाबतींत सरस होता. मोठ्यांच्या जगात राज्य मिळवण्यासाठी युद्धे होतात. मुलांच्या खेळात ज्याच्यावर 'राज्य' येते तो कष्टी होतो. त्याने डोळे झाकावयाचे, त्याने धावावयाचे, त्याने इतरांना शोधावयाचे. राज्य ही तेथे शिक्षा आहे, आणि ते एकाकडे फार काळ राहू नये अशी नियमांचीच रचना आहे. दुसरी संस्था 'कच्च्या लिंबा'ची. धाकटे भावंड खेळावयास आले आणि घरातून 'त्यालाही घ्या' असा हुकूम झाला की त्याला कच्चा लिंबू म्हणून घेतात. त्याने खेळावयाचे, परंतु तो बाद होत नाही आणि त्याच्यावर राज्य येत नाही. १९३२ च्या भागीदारी अधिनियमाचे ३० वे कलम सांगते की अज्ञान मुलास भागीदार होता येत नाही, परंतु सर्व भागीदारांच्या संमतीने त्याला भागीदारीच्या लाभात सामील करून घेता येते, आणि तोट्याची वैयक्तिक जबाबदारी त्याच्यावर पडत नाही. विधी महाविद्यालयात हे कलम प्रथम वाचले तेव्हा आम्हांस ते समजावून घ्यावे लागले नाही. आम्ही स्वतः पुष्कळ दिवस कच्चे लिंबू होतो.

मात्र गतकाळाचे केवळ गोडवे गाणे हे इतिहासलेखन नव्हे. वाड्यांच्या अंगणात सर्व मुलांना प्रवेश नव्हता. गावकुसाबाहेरची मुले त्यांच्या आवारात येऊ शकत नसत, आणि ज्या कल्याणात बसवेश्वरांनी बाराव्या शतकात जातिभेदाविरुद्ध आवाज उठवला त्या कल्याणच्या पंचक्रोशीतही पुढे शतकानुशतके असेच चालले. मुलींचे खेळणे तर लग्नाबरोबर संपे, आणि लग्न फार लवकर होई. १९२९ चा शारदा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता. निजामाच्या राज्यातल्या मुलींना त्याचा आधार नव्हता. नागपंचमीला माहेरी येऊन झोका घेणाऱ्या कित्येक सासुरवाशिणी वयाने मुलीच होत्या. तेव्हा अंगण परत आणावयाचे ते जुन्या कुंपणांसकट नव्हे, हे स्पष्ट सांगितले पाहिजे.

विसाव्या शतकात ह्यांपैकी काही खेळांचे भाग्य उजळले. खोखोचे आणि हुतुतूचे नियम पुण्या-बडोद्याच्या मंडळींनी बसवले. १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तेथे देशी खेळ करून दाखवले. बडोद्याच्या दत्तात्रेय चिंतामण मुजुमदारांनी 'व्यायामज्ञानकोशा'चे खंड काढून ह्या विद्येची नोंद केली. खोखो आणि कबड्डी ह्यांना मैदान, पंच आणि चषक मिळाले. परंतु ठिकरी, सूरपारंब्या, गजगे आणि मातीचे बैल ह्यांना पंच नको असतो. त्यांना अंगण हवे असते. चषक मिळालेले खेळ जगले. ज्यांना केवळ अंगण लागत होते ते अंगणाबरोबर आटत चालले आहेत.

आणि अंगण आटले कसे, ह्याविषयी आम्हांस एक कबुली द्यावयाची आहे. काही वर्षांपूर्वी भालकी तालुक्यातील एका खेड्यातला वाटणीचा दावा आमच्याकडे होता. चुलतभावांचे घर, मध्ये मोठे अंगण आणि अंगणात लिंबाचे झाड. न्यायालयाने दिवाणी प्रक्रिया संहितेच्या २६ व्या आदेशाखाली आयुक्त नेमला. आम्ही एका पक्षाच्या वतीने अंगणाची मापे टाकून सरस-निरस वाटणी मागितली आणि ती मिळवली. मोजणीच्या दिवशी तिन्ही घरची मुले जमिनीवर आठ घरे आखून ठिकरी खेळत होती. फीत त्यांच्या घरांवरूनच गेली. एका सात-आठ वर्षांच्या मुलीने आम्हांस विचारले, "वकीलकाका, झोका कोणाच्या वाटणीला?" आम्ही हसलो आणि नकाशात पाहून झाड कोणाच्या हिश्श्यात येते ते तिला सांगितले. पुढे दुसऱ्या कामासाठी त्याच गावी जाणे झाले. अंगणात पुरुषभर उंचीची भिंत होती, झाड एका बाजूस होते, आणि दोर कोणी बांधलेला नव्हता. आमचा पक्ष जिंकला होता. आम्हांस तसे वाटले नाही.

घरी येऊन आम्ही 'मिताक्षरा' काढली. हिंदू वारसाहक्काच्या कायद्याचा हा आधारग्रंथ विज्ञानेश्वराने सहाव्या विक्रमादित्याच्या काळात कल्याण येथेच लिहिला. हा विक्रमादित्य म्हणजे 'मानसोल्लास'कर्त्या सोमेश्वराचा पिता. एकाच नगरीत एका पिढीने वाटणीचा ग्रंथ दिला आणि दुसऱ्या पिढीने खेळाचा. वडिलोपार्जित मिळकतीत पुत्राला जन्मतःच हक्क मिळतो हा मिताक्षरेचा सिद्धान्त सर्वश्रुत आहे. त्याच ग्रंथात, मनुवचनाच्या आधारे, काही वस्तू अविभाज्य सांगितल्या आहेत. विहिरीचे पाणी वाटू नये, पाळीपाळीने वापरावे. आणि 'प्रचार', म्हणजे घरात, बागेत येण्याजाण्याची वाट, ही वाटणीत घालू नये. शास्त्रकारांनी त्या यादीत अंगणातल्या खेळाच्या जागेचे नाव घेतलेले नाही, हे आम्ही प्रामाणिकपणे सांगतो. परंतु ज्या तत्त्वाने पाणी आणि वाट अविभाज्य ठरली, म्हणजे जी वस्तू तुकडे केल्याने कोणाच्याच उपयोगाची राहत नाही ती सर्वांनी मिळून राखावी, ते तत्त्व ह्या जागेसही लागते असे आम्ही त्या दिवशी न्यायालयात म्हणावयास हवे होते. आधारही होता. संयुक्त राष्ट्रांनी १९८९ साली संमत केलेल्या बालहक्क करारनाम्याच्या ३१ व्या कलमाने मुलांचा विश्रांतीचा आणि खेळाचा हक्क मान्य केला असून भारताने तो करार १९९२ साली स्वीकारला आहे. आता वाटणीचे पक्षकार आमच्याकडे आले की मापे टाकण्यापूर्वी आम्ही त्यांस सांगतो, 'भिंत घरात घाला, अंगण सामाईक ठेवा.' काही ऐकतात, काही ऐकत नाहीत.

असो. आप्तांच्या प्रश्नाचे उत्तर आता थोडक्यात देता येईल. अंगण नसेल तर गच्चीवर किंवा वाड्याच्या बोळात, आणि उन्हाळ्यात सकाळी नऊच्या आत किंवा सायंकाळी पाचनंतर, कारण कलबुर्गीकडचे ऊन चाळिशी सहज ओलांडते. खापराचा एक तुकडा आणि कोळशाने आखलेली आठ घरे एवढ्यात ठिकरी होते. लंगडीने घर घर ओलांडावे, रेघेवर पाय पडला की डाव गेला. सात चपट्या दगडांची उतरंड आणि चिंध्यांचा चेंडू एवढ्यात लगोरी होते. चेंडू चिंध्यांचाच असावा, म्हणजे पाठीवर बसला तरी लागत नाही. वाळूचा एक ढीग आणि पाण्याचा एक तांब्या धाकट्यांना पुरतो. राजालाही वालुकाक्रीडा आणि सेचनक्रीडा वर्ज्य नव्हती. ज्वारीच्या वाळल्या ताटाचा भेंडाचा भाग आणि वरची चिवट साल ह्यांची बैलगाडी होते. ती करावयास आजोबांना बसवावे, म्हणजे दोघांचीही दुपार सरते. झोक्याची फांदी आणि दोर मोठ्या माणसाने आधी स्वतः लोंबकळून पाहावा. चांदण्या रात्री एकमेकांच्या सावलीवर पाय देण्याचा खेळ घ्यावा. त्यास सामान मुळीच लागत नाही. विटीदांडूसाठी मात्र मोकळी जागा हवी आणि पाहणाऱ्यांनी दूर उभे राहावे, कारण विटी डोळ्याचा विचार करीत नाही. आणि मोजताना मुलांना 'वकट, लेंड, मुंड' असेच मोजू द्यावे. त्यांचा अर्थ त्यांनी विचारला, तर शेजारच्या तेलुगू किंवा कानडी घरी पाठवावे.

शेवटची सूचना आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. सीमाभागात भाषेवरून मोठी माणसे एकमेकांशी बोलेनाशी होतात असे प्रसंग आम्ही पाहिले आहेत. आपल्या भाषेचा हक्क मागणे न्याय्यच आहे आणि तो आम्हीही मागतो. परंतु ज्या मुलाने शेजारच्या मुलाच्या भाषेत आकडे मोजले आहेत, त्याच्याकडून पुढे त्या भाषेचा द्वेष होणे कठीण आहे. आमच्या पिढीला तो लाभ मिळाला तो कोणा सरकारच्या योजनेमुळे नव्हे, मधली भिंत नव्हती म्हणून मिळाला.

ह्या मासिकाच्या कोंकणी वाचकांस आमची विनंती आहे की, कोयंडेबाल खेळताना त्यांच्याकडे आकडे कसे मोजतात ते त्यांनी जरूर लिहून कळवावे. आमच्या गावच्या मुलांना ते ऐकावयास आवडेल. त्या भिंतीच्या दोन्ही बाजूंच्या मुलांनाही आम्ही ते सांगू. भिंत उंच आहे, पण हाक पलीकडे पोचते.